भरती-ओहोटी? आम्ही सिंहगडवाले!

अंदमानात जाऊन समुद्राच्या कडेकडेने जंगलातून चालायचं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी नकाशा, हवामान खातं, वनखात्याचे नियम असल्या गोष्टींपासून लांब राहा. एक रील पुरे. निळं पाणी, आडवी झालेली नारळाची झाडं, पाठमोरी चालणारी मुलगी. त्या मुलीला तिथे पोचायला किती वाजता निघावं लागलं, हे रीलमध्ये नसतं, म्हणजे ते महत्त्वाचं नसणार.

रील आवडलं की सोसायटीच्या ग्रुपवर टाका. संध्याकाळपर्यंत 'आम्ही इन' असे बारा अंगठे येतात. त्यातल्या निम्म्यांना हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) हे बेट वेगळं, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) शहर ज्या बेटावर आहे ते वेगळं आणि मध्ये बोटीने जावं लागतं, हे जेट्टीवर पोचल्यावर कळणार असतं. कळू दे की. प्रवासात शिकायला मिळतं म्हणतात.

मी नुकतीच अशाच एका ग्रुपबरोबर जाऊन आले, त्यामुळे हे सल्ले अगदी ताजे आहेत. पायावरचे चट्टे अजून गेलेले नाहीत.

तारीख विमानाच्या तिकिटावरून ठरवा. मान्सून केरळात यायच्या आधी अंदमानात येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो आणि 'चला, आला एकदाचा' म्हणून सुखावतो. तिथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट. नैर्ऋत्येचा पाऊस संपतोय तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा सुरू होतो. कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते एप्रिल. पण तेव्हा तिकिटं महाग. म्हणून तुम्ही जूनमध्येच जा, आणि समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द झाली की खिडकीतल्या माणसाशी 'आमचं पुढचं हॉटेल बुक आहे' म्हणून भांडा. तो समुद्राला सांगून बघेल.

बूट नवे घ्या, निघायच्या आदल्या दिवशी, आणि पायात पहिल्यांदा थेट चिखलात घाला.

हाफ चड्डी घाला. वाळूतल्या माश्याही वर्षभर पाहुण्यांची वाट बघत असतात.

चढाईचा अंदाज बांधायला सिंहगडासारखं माप नाही. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ सॅडल पीक आहे, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर, 732 मीटर. सिंहगड 1312. म्हणजे 'अर्ध्यापेक्षा थोडं जास्त, नाश्त्याच्या आधी होईल.' हे वाक्य आमच्या ग्रुपवर खरोखर लिहिलं गेलं आणि त्याला हसरे चेहरे आले. आता पुणं स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलंय, सॅडल पीकची वाट मात्र समुद्राच्या काठावरूनच सुरू होते, म्हणजे 732 मधला जवळजवळ प्रत्येक मीटर स्वतःच्या पायाने चढायचा, हे कोणी सांगायला गेलं तर 'निगेटिव्ह बोलू नका हो' म्हणा. सुरुवातीचा बराच भाग किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांतून जातो, मग ओलं, दाट जंगल. वाटेत दही-ताकवाल्या मावशी नसतात. पिठलं-भाकरी तर नाहीच. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता ओघळत राहतो, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. तरी पाण्याची एकच बाटली घ्या. बॅगेत बाकरवडीला जागा नको का?

आता मुख्य विषय. भरती-ओहोटी.

समुद्रकाठच्या वाटेची गंमत अशी की ती दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते. सकाळी ज्या वाळूवरून तुम्ही फोटो काढत गेलात, तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं. वेळही रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी जास्त चढतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी देशातल्या बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. भरतीच्या वेळा मोबाइलवर फुकट मिळतात. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा तोंडी सांगतो. तुम्ही यातलं काहीही करू नका. तुमच्या ग्रुपमध्ये एक काका असतील, त्यांना विचारा.

आमच्या काकांना सगळं येत होतं. दापोलीला त्यांचं घर आहे, लहानपण हर्णैच्या बंदरावर गेलं, आणि कोकणातला तो प्रसिद्ध हिशेब त्यांना तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी द्वादशी होती. 'बारा पाऊण नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. सोप्पं आहे!' आता हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी जमतो, कोळी लोक पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तो अरबी समुद्राच्या आपल्या पट्ट्यापुरता आहे. बंदर बदललं की भरतीची वेळ बदलते. इथे तर काका अख्खा भारत ओलांडून बंगालच्या उपसागराच्या पलीकडे गेले होते. समुद्राला पाऊणकी शिकवायला.

हॅवलॉकवर राधानगरच्या रस्त्यावरून एलिफंट बीचला जंगलातली वाट जाते. जेमतेम दोन किलोमीटर. वाटेच्या तोंडाशी वनखात्याचा माणूस असतो. त्याने हात जोडून सांगितलं, साहेब, उशीर झालाय, आज पाणी चढणार आहे, जाऊ नका, उद्या सकाळी या. त्यावर काका काय म्हणाले? 'अरे भाऊ, हमने सिंहगड रात को चढ़ा है. हम लोग सह्याद्री का है.' आणि आमचा ग्रुप लीडर, ज्याला आम्ही याच कामाचे पैसे दिले होते, तो हसला. त्याने तक्ता बघितलेला नव्हता. त्याच्याकडे तक्ता नव्हताच. त्याच्याकडे ड्रोन होता.

वाट जंगलात सुरेख आहे. उंच, सरळ झाडं, खाली मऊ माती, मधूनच पोपटांचा गलका. (गलका ऐकू आला तो ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी संपल्यावर.) शेवटी जंगल संपतं आणि खारफुटीचा चिखल सुरू होतो. खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली असतात, बोटभर उंचीची, टोकदार, शेकड्यांनी. ओहोटीला ती दिसतात आणि माणूस पाय बघून टाकतो. भरतीला ती पाण्याखाली जातात आणि तिथेच असतात. आम्ही जाताना घोट्याएवढं पाणी होतं. काका म्हणाले, उतरतंय. तीन वाजता, म्हणजे पाऊणकीप्रमाणे ओहोटीचा तळ असायला हवा तेव्हा, ते गुडघ्यापर्यंत होतं. काका म्हणाले, उतरेल. परत निघालो तेव्हा मांडीपर्यंत आलं होतं, गढूळ, तळ न दिसणारं. एका ताईंच्या सँडलमधून मूळ आरपार गेलं. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा खांद्यावर. आणि लीडर मागून ओरडतोय, 'एंजॉय करा, हेच तर ॲडव्हेंचर!'

ॲडव्हेंचर! खारफुटीच्या गढूळ पाण्यात काय असतं माहितीये? खाऱ्या पाण्यातल्या मगरी. अंदमानात त्या आहेत, आणि पाटी लावून सांगितलंय की आहेत. 2010 मध्ये याच हॅवलॉकवर, राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये, एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. आमच्या लोकांनी त्या पाटीबरोबर सेल्फी काढला. पाटीला मिठी मारून. मगरीचा चेहरा करून.

बरं, पुढचा सल्ला. संध्याकाळची वेळ पुण्याच्या घड्याळाने मोजा. आपल्याकडे डिसेंबरात सहापर्यंत उजेड असतो, म्हणजे सगळीकडे असणार! घड्याळ देशभर एक आहे, सूर्य नाही. पोर्ट ब्लेअर पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ 19 अंश रेखांशावर आहे, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमाराला मावळतो, आणि दाट जंगलात त्याच्याही आधी अंधारतं. चाळिशीतल्या, चांगल्या नोकऱ्यांतल्या माणसांना साडेचार वाजता 'अरे, काळोख कसा काय झाला?' असं एकमेकांना विचारताना मी ऐकलंय. बॅटरी एकाकडेही नव्हती. मोबाइलची निम्मी चार्जिंग रीलवर गेलेली.

माउंट हॅरिएट (आता माउंट मणिपूर) आणि चिडिया टापूच्या वाटा आमच्या कार्यक्रमात होत्या. त्या दोन्ही बसमधून बघितल्या.

दिगलीपूरला जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ताफ्याने, ठरलेल्या वेळेलाच सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही फेकायचं-द्यायचं नाही. कायदा आहे, तुरुंग होऊ शकतो. यावर माझा सल्ला असा की खिडकीला नाक लावून बसा आणि ड्रायव्हरला 'दिसले की सांगा हं' म्हणत राहा. आमच्या गाडीत बिस्किटाचा पुडा हातात धरून बसलेल्या एक आजी होत्या. 'बिचाऱ्यांना' म्हणून. आजी, ते तुमच्या बिस्किटांशिवाय हजारो वर्षं जगलेत. बिचारे ते नाहीत. त्यांच्या घरातून गाडी नेऊन त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या आपल्यासारख्यांना काय म्हणायचं, ते मी इथे लिहीत नाही.

निघताना आठवण म्हणून किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे उचला. 'मेलेलंच तर आहे' हे ठरलेलं वाक्य. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, मेलेलं असलं तरी, आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगा त्यासाठी तपासतात, हे बोटीवर तीन भाषांत सांगत होते. आमच्यातल्या एका कुटुंबाने ते ओल्या टॉवेलात गुंडाळून बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात भरलं. खोलीत दोन रात्री त्याचा वास. विमानतळावर मशीनमध्ये डबा दिसला, बॅग बाजूला घेतली, आणि चौकशी संपेपर्यंत आम्ही सगळे ताटकळत उभे. त्या गृहस्थांचा बचाव? 'मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी आहे.' मुलगा शेजारी उभा होता. त्याने ऐकलं. त्याने शिकायचं ते शिकून घेतलं.

हे आता सल्ल्यासारखं लिहिणं मला जमत नाहीये, म्हणून सरळ बोलते.

एलिफंट बीचच्या वाटेवर त्या संध्याकाळी आम्हाला परत आणलं ते त्याच वनरक्षकाने. ज्याचं ऐकलं नाही त्याने. आम्ही वेळेत परतलो नाही म्हणून तो एकटा हातात बॅटरी घेऊन आत आला, चिखलात उतरला, मुलाला आईच्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि एकेकाला हात धरून अलीकडे काढलं. त्याची ड्यूटी केव्हाच संपली होती. वर आल्यावर काकांनी त्याला पन्नास रुपये काढून दिले आणि म्हणाले, 'चाय पी लेना.' त्याने घेतले नाहीत. काकांना राग आला. 'माज बघा,' म्हणाले.

माज कोणाचा, काका? तो माणूस रोज ते पाणी बघतो. तुम्ही चार दिवसांसाठी आलात. सॉरी म्हणायला काय जात होतं तुमचं? एक शब्द? तुम्ही सिंहगड रात्री चढलात, याचं त्या पाण्याला काय? सिंहगड तरी नीट कळलाय का आपल्याला? दर पावसाळ्यात आपल्याच डोंगरांत हेच चालतं. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातली पाच माणसं गेली, मुलंही होती त्यांत. पाणी बघता बघता वाढलं. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, फॉरवर्ड केला, हळहळलो. आणि पुढच्या रविवारी पोलिसांनी रस्ता अडवला म्हणून त्यांच्याशीच हुज्जत घातली.

आणि लीडर, तुझ्यासाठी. लोकांच्या पोरांना घेऊन जातोस ना? त्याचे पैसे घेतोस ना? मग भरतीचा एक कागद छापून खिशात ठेवता येत नाही? ड्रोनला पैसे आहेत, दोन बॅटऱ्यांना नाहीत? परत आल्यावर तू ग्रुपवर फोटो टाकलेस, खाली लिहिलंस 'सुपर सक्सेसफुल बॅच'. ज्या ताईंच्या पायात मूळ घुसलं त्यांना टिटॅनसचं इंजेक्शन मी शोधून दिलं, तू नाही. त्यांनी ग्रुपवर विचारलं, तर तू त्यांना खासगीत मेसेज केलास की वातावरण खराब करू नका.

आता तोच ग्रुप पुढच्या सहलीचं बुकिंग घेतोय. तुमच्याही मोबाइलवर ती जाहिरात येईल, तेच आडवे नारळ. पैसे भरायच्या आधी त्यांना दोनच गोष्टी लेखी मागा: त्या तारखेला त्या किनाऱ्यावर ओहोटी किती वाजता, आणि सूर्य किती वाजता मावळतो. उत्तर म्हणून अंगठा आला, हसरा चेहरा आला, किंवा 'काका आहेत ना' असं आलं, तर पैसे भरू नका. आणि एवढं कळूनही जायचंच असेल, तर खुशाल जा, पण पोरांना घरी ठेवून जा.