'मधोमध कापा' हे वाक्य मागे घेतो, मास्टर मॉडेल मात्र नाही

नमस्कार सर,

जनरेटरच्या कॅनोपीवरच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पत्र्याच्या पेटीवरच्या, लेखात मी अख्खी पेटी आधी एकाच फाइलमध्ये (मास्टर मॉडेल) काढून मग तिचे तुकडे (स्प्लिट) करायला सांगितलं होतं. तो वाचून तुम्ही लिहिलंत, "अख्खी कॅनोपी एका पार्टमध्ये काढून मग स्प्लिट मारणं हा कॉलेजच्या प्रोजेक्टचा उद्योग. कारखान्यात प्रत्येक पत्रा वेगळा काढतात आणि असेंब्लीत बसवतात. शिवाय स्प्लिट केलेल्या तुकड्याचं डेव्हलपमेंट मिळत नाही." वाचून जरा बोचलं. मग सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून तीच कॅनोपी पुन्हा कापून बघितली आणि आता लिहायला बसलोय.

डेव्हलपमेंटचं, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट आकाराचं, आधी. तुकडे त्याच फाइलमध्ये असतील तोवर कट लिस्टमध्ये प्रत्येक बॉडीचा, म्हणजे तुकड्याचा, स्वतंत्र फ्लॅट पॅटर्न (सपाट आकार) असतो आणि तिथून पत्रा कापण्यासाठीची डीएक्सएफ फाइल सरळ काढता येते. घोळ होतो तो बॉडी नव्या फाइलमध्ये सेव्ह केल्यावर. तिथे बऱ्याचदा नुसता वाकवलेला आकार पोचतो. मग आपण इन्सर्ट बेंड्स ही कमांड देतो आणि के-फॅक्टरचा (वाकताना पत्र्याच्या जाडीतला न ताणला जाणारा थर कुठे आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा) रकाना न बघताच ओके दाबतो. मास्टरमध्ये ०.४४, इथे डिफॉल्टचा ०.५. पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी, बेंड ९० अंशांचा, ०.४४ ला बेंड अलाउन्स (बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी) ४.५२ मिमी येतो आणि ०.५ ला ४.७१. एका बेंडला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. सहा बेंडचं पॅनेल असेल तर १.१ मिमी झाले, आणि मग ६.६ च्या भोकातून एम६ बोल्ट हातोडीनेच जातो. तेव्हा तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष स्प्लिटचा नाही, त्या रकान्याचा आहे.

प्रत्येक पत्रा वेगळा काढण्याबद्दल: बेस फ्रेम, बिजागऱ्या, सायलेन्सरचे ब्रॅकेट मीही वेगळेच काढतो. पण बाहेरच्या कवचाचं तसं नाही. इंजिन बदललं, लांबी १५० मिमीने वाढली, की मास्टरमध्ये एक माप बदलायचं आणि भिंती, छत, दरवाज्याची चौकट सगळं मागोमाग सरकतं. असेंब्लीत हेच साधायचं तर इन-कॉन्टेक्स्ट पार्ट, म्हणजे शेजारच्या पार्टवरून माप घेणारे पार्ट, करावे लागतात. म्हणजे दुसऱ्या फाइलवर अवलंबून असल्याची खूण असलेले फीचर ट्रीमधले (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीतले) बाण तिथेही आलेच. मास्टर मॉडेल जड होतं ही नेहमीची तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. स्क्रू, नट, जाळ्या त्यात घालूच नयेत.

आता जिथे मी खरंच चुकलो ते. 'भिंत मधोमध कापा' असं मी लिहिलं होतं. भिंत ३४०० मिमी, बाजारात पत्रा २५०० बाय १२५०, म्हणून मधोमध. एवढाच माझा हिशेब. अशाच एका जॉबमध्ये माझी काप दरवाज्याच्या चौकटीच्या बेंडपासून ६ मिमीवर आली. स्क्रीनवर सुंदर दिसत होतं. बेंडिंगवाल्याचा फोन आला, "साहेब, ही पट्टी डायवर टेकवायची कशी?" २ मिमी पत्र्याला साधारण १६ मिमीची व्ही डाय लागते आणि त्यावर अकरा-बारा मिमीपेक्षा कमी फ्लँज (बेंडच्या बाजूची पट्टी) बसतच नाही. पत्रे कापून झाले होते. सहा भिंती भंगारात गेल्या.

त्यानंतर मी आधी बेंडच्या रेषा बघतो, मग दरवाजे, मग प्रेस ब्रेकची (पत्रा वाकवायच्या मशीनची) लांबी, आणि सगळ्यात शेवटी स्प्लिटचं प्लेन. वजनही बघतो, २ मिमीचा अख्खा २५०० बाय १२५० पत्रा जवळपास ४९ किलोचा असतो, साइटवर तो दोन माणसांनी उचलायचा असतो.

आणखी एक, जे लेखात लिहायचं राहून गेलं. स्प्लिटची काप शून्य जाडीची असते. दोन कडा तंतोतंत भिडलेल्या. त्यावर पावडर कोटिंग चढलं की त्या भिडणार नाहीत, आणि भिडल्या तरी पाऊस आत येणारच. म्हणून एका तुकड्याला ओव्हरलॅपची पट्टी द्यायची, तीही मास्टरमध्येच, पण सेव्ह बॉडीज (तुकडे वेगळ्या फाइलींत काढणारं फीचर) करण्याआधी. त्या फीचरच्या खाली ट्रीमध्ये जे काही जोडाल ते वेगळ्या फाइलींपर्यंत पोचत नाही. याचा शोध मला व्हेंडरला ड्रॉइंग पाठवल्यावर लागला होता, पण ते पुन्हा केव्हातरी.

लेखातलं ते वाक्य आज बदललंय. तुमच्या असेंब्लीतले बाण तुम्ही रिलीजच्या वेळी लॉक करता की तोडून टाकता, तेवढं कळवा. आमच्या डिझाइन रूममध्ये यावरून दोन तट पडले आहेत, आणि मी सध्या लॉकवाल्यांच्या बाजूला आहे.