सुटलेली बीडिंग आणि टेपवरचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

गाडीच्या दरवाज्यांना साइड बीडिंग (रंग ओरखड्यांपासून वाचवणारी प्लास्टिकची पट्टी) घरच्या घरी लावण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर भरवसा ठेवायला सांगून मी वाचकांची दिशाभूल केली आहे. आपली बीडिंग पहिल्याच पावसाळ्यात सुटली, आणि अशी वस्तू एक तर स्क्रूने बसवावी किंवा फेव्हिक्विकने पक्की करावी, असे आपले म्हणणे आहे. आपले पैसे आणि श्रम वाया गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही हे दोन्ही उपाय मला घातक वाटतात.

सुटलेल्या पट्टीची मागची बाजू उजेडात धरली की बरेच कळते. टेप दरवाज्यावर राहून पट्टी नुसतीच हातात आली, तर तिचे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनसारखे, प्रायमरशिवाय (पकड यावी म्हणून आधी लावायच्या द्रवाशिवाय) काहीही धरून न ठेवणारे असते. टेपचा फोम मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला असेल, तर चिकटण्यात उणे काही नव्हते. अशा वेळी दरवाज्याच्या वळणाशी न जुळणारी पट्टी बहुधा ओढूनताणून बसवलेली असते. आपण मात्र लिहिता की टेप पट्टीवर जशीच्या तशी होती, रंगावर तिचा मागमूसही नव्हता, आणि लावण्याआधी आपण गाडी धुऊन चकचकीत पॉलिश केली होती. माझ्या मते कारण त्या पॉलिशमध्येच आहे. वॅक्स किंवा सिलिकॉन असलेल्या थरावर पाणी ठरत नाही, तशी टेपही ठरत नाही. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन ती जागा पुसावी आणि ओल उडून जाण्याआधीच दुसऱ्या स्वच्छ फडक्याने कोरडी करावी. पॉलिशचा थर जाड असेल तर तो आधी वॅक्स काढणाऱ्या द्रावणाने घालवावा.

स्क्रूसाठी भोक पाडले की रंगाचे कवच फुटते, पत्रा उघडा पडतो आणि गंज आतून पसरतो. शिवाय त्याच पत्र्यामागे काच वरखाली करणारी यंत्रणा असते. फेव्हिक्विकसारखा गोंद वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. एक मीटर लांबीची एबीएस प्लास्टिकची पट्टी तापमानात 40 अंशांचा फरक पडला की सुमारे 3 मिलिमीटर वाढते, तर तेवढाच पोलादी पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर अचानक सर आली की ही ओढाताण होतेच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोमची टेप ती आपल्या लवचिकपणात सामावून घेते. ठिसूळ गोंद तडकतो आणि पुढे ओरबाडून काढताना रंगही घेऊन जातो.

पावसाळ्यात उघड्यावर हे काम करू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पत्रा साधारण 21 ते 38 अंशांच्या दरम्यान आणि पूर्ण कोरडा हवा. नेहमीच्या तापमानाला या टेपची पकड 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत सुमारे 90 टक्के आणि 72 तासांत पूर्ण होते. तेवढे तीन दिवस गाडी धुऊ नये.

आपली पट्टी वाकली नसेल तर ती पुन्हा लावता येईल. जुनी टेप हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश सोलून काढावी, ती पुन्हा वापरू नये. बाहेरच्या वापरासाठीची नवी ॲक्रिलिक फोम टेप पट्टीच्या टोकापर्यंत लावावी आणि बसवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने जोर देऊन दाबत जावे.