57 रुपयांचं ताट

आमच्या मेसला परवा कुणीतरी ऑनलाइन एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, "दर वाढवले. नुसती लूट चालू आहे." आईला मी ते दाखवलं नाही. पण दोन दिवस माझ्या डोक्यातून ते जात नाहीये, म्हणून आज बसून सगळं लिहून काढते. पोस्ट लांबणार आहे. जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

आई-बाबा नारायण पेठेत 16 वर्षं मेस चालवतात. बहुतेक मेंबर स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. लातूर, बीड, नांदेड, परभणी, धाराशिव, थोडी सांगली-सोलापूरकडची. दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री सुट्टी. मी स्वतः एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते आणि आईची वही मीच लिहिते. त्यामुळे खाली जे आकडे आहेत ते त्या वहीतले आहेत.

सप्टेंबर 2024 मध्ये आमचा दर महिना 3,200 रुपये होता. महिन्याची जेवणं धरा 56. म्हणजे एक ताट 57 रुपयांना. त्यात एक रस्सा भाजी, एक सुकी, आमटी, भात, कोशिंबीर किंवा लोणचं, आणि पोळ्या पोट भरेपर्यंत. शिवभोजन थाळी जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा सरकारनं 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि वरण एवढ्याला शहरात 50 रुपये खर्च धरला होता. तेसुद्धा मोजून वाढायचं, आणि 2020 साली.

70 मेंबर, म्हणजे महिन्याला 2,24,000 रुपये जमा. ऐकायला मोठं वाटतं. आता त्यातून काय जातं ते बघा. किराणा, भाजी, दूध मिळून 1,05,000. जागेचं भाडं 35,000. पोळ्यांच्या दोन मावशींना 26,000, भांड्यांच्या मावशींना 9,000, वाढणाऱ्या मुलाला 12,000. गॅस 14,000. लाइटबिल 4,000. जीएसटी 11,200. उरले 7,800.

हा जीएसटी बऱ्याच जणांना माहीत नसतो. छोट्या हॉटेलांसाठी कंपोझिशन नावाची योजना आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर उलाढालीवर सरळ 5 टक्के भरायचे. मात्र हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो गल्ल्यातूनच जातो. आणि तुम्ही खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. त्यात व्यावसायिक सिलेंडरवर जीएसटी 18 टक्के. तोच गॅस घरच्या सिलेंडरमध्ये असला की 5 टक्के. शेगडीवर शिजतं दोन्हीकडे वरणच.

तर ते 7,800. आई पहाटे पाचला कणीक भिजवायला घेते. बाबा सहाला मार्केट यार्डातून भाजी आणतात. दुपारी दीड-दोन तास पाठ टेकायला मिळते, मग परत रात्री अकरापर्यंत. कमीत कमी धरले तरी माणशी 13 तास, दोन माणसं, 30 दिवस. मी एकदा कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. तासाला 10 रुपये आले. मी तो परत केला, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय.

पोळ्यांच्या मावशींना महिन्याला 13,000 मिळतात आणि ते मिळायलाच हवेत, उलट कमीच आहेत. पण माझ्या आईचा पगार वहीत कुठल्याच ओळीत नाही. 16 वर्षांत कधीच नव्हता. खर्च वजा जाता जे उरेल ते आपलं, असा आमच्याकडचा हिशोब. आणि मला ठाम वाटतं, आपल्या गावोगावच्या छोट्या हॉटेलांनी महागाई झेलली ती अशीच. दर थोडे वाढले, मालाचा दर्जा थोडा उतरला, आणि उरलेला सगळा भार घरच्या माणसांच्या बिनपगारी कामावर गेला.

आता सप्टेंबर 2024 नंतर काय झालं ते सांगते.

14 सप्टेंबरला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम, सूर्यफूल तेलावर सगळं मिळून 5.5 टक्के होतं, ते 27.5 झालं. आपल्याला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे दुकानात फरक लगेच दिसला. आमचा 1,650 चा डबा दिवाळीपर्यंत 2,050 ला गेला. महिन्याला सात डबे लागतात, म्हणजे 2,800 रुपये जादा. आई रिकामा डबा रात्रभर पातेल्यावर उलटा घालून ठेवते. सकाळी तळाशी दोन-तीन चमचे तेल जमलेलं असतं, त्यात मोहरी तडतडते.

व्यावसायिक सिलेंडर ऑक्टोबरमध्ये वाढलं, आणि 1 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिल्लीच्या दरात आणखी 62 रुपयांची वाढ झाली. घरगुती सिलेंडरचा दर होता तिथेच राहिला. आमच्या ओळखीत काही जण मागच्या दारानं घरगुती सिलेंडर वापरतात. आई वापरत नाही. पकडले जाण्याची भीती आहेच, पण तिला ते पटतच नाही.

लसूण त्या हिवाळ्यात 400 रुपये किलो झाला.

आणि भाडं. 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम आला की जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि भाडेकरूची असेल, तर भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूनं भरायचा. 35,000 वर 6,300 रुपये. आईला हे सांगायला मला दोन दिवस लागले. डिसेंबरात जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत कंपोझिशनवाल्यांना यातून वगळायचं ठरलं, जानेवारीत तसा आदेशही निघाला आणि मधल्या काळाचं ओझंही उतरलं. पण ते तीन महिने आई रोज रात्री विचारायची, "काही आलं का गं?" बाबांनी तेव्हाच पहिल्यांदा मेस बंद करण्याचा विषय काढला.

शेवटी जानेवारी 2025 पासून दर 3,500 केला. फळ्यावर लिहिताना आईनं दोनदा पुसला. एक ताट साडेबासष्टला. 11 मेंबर गेले. नऊ जणांनी एकच वेळ चालू ठेवली.

त्या नऊ जणांतला एक अहमदपूर तालुक्यातला. सगळे जेवून उठेपर्यंत तो हात धुवायच्या जागेपाशी थांबला होता. मग आत येऊन म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यापासून मला एकच वेळ करा. दुपारची." आईनं कारण विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. घरी सोयाबीन. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल, त्यांचं गेलं 4,100 नं. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं, आणि थांबायला पैसे नव्हते.

मी तिथेच वही घेऊन बसले होते. तेलाचं शुल्क वाढवलं ते सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, असं आम्ही पेपरात वाचलं होतं. आणि समोर सोयाबीन पिकवणाऱ्याचा मुलगा उभा होता. बापाला भाव मिळाला नाही, आणि त्याच सोयाबीनच्या तेलानं त्याचं रात्रीचं जेवण सुटलं. शेतकऱ्याला भाव मिळायलाच हवा, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला, तेव्हाही आई म्हणाली होती, "जाऊ दे, आपल्यातल्याच कुणाच्या तरी घरी गेले असतील." इथे मात्र पैसे ना त्याच्या घरी गेले, ना आमच्या.

"मग अ‍ॅपवर का नाही जात?" असं मला बरेच जण विचारतात. ऑर्डरमागे वीस ते तीस टक्के कमिशन जातं. साडेबासष्टच्या ताटात ते कुठून काढायचं? आणि मेंबरला रोज ओळखीच्या माणसानं वाढलेलं ताट लागतं. कुणाला ताप आलाय, कुणाचा निकाल लागलाय, हे आईला माहीत असतं.

"क्वालिटी राहिली नाही" अशीही तक्रार येते. ती खरी आहे. भाजीत बटाटा वाढला, आमटी पातळ झाली. आईला हे तुमच्याआधी कळतं, आणि वाढताना तिची नजर खाली जाते.

जुनं हॉटेल बंद झालं की आपण हळहळतो, जुने फोटो टाकतो आणि म्हणतो, पुढच्या पिढीला आवड नव्हती. मला स्वयंपाकाची भरपूर आवड आहे. पण मी तो भागाकार केलेला आहे. माझ्या वयाच्या मुलांनी आई-वडिलांच्या हॉटेलात उभं राहायला नकार दिला, तर त्यांना आळशी म्हणू नका. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तासाची किंमत मोजली एवढंच.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या, तेव्हा प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगार जेवतो तो या बायकांच्या कष्टावर, आणि हे कष्ट म्हणजे धंदा आहे, हे तेव्हा बँकेला मान्य करायला लावलं. आज निदान एवढं तरी व्हावं: पाच-पन्नास मेंबरांच्या मेसला गॅसवर घरगुती दरानं, 5 टक्केच जीएसटी लावा. विद्यार्थ्यांच्या मेसला कंपोझिशनचा दर कमी करा. महापालिकेचे इतके गाळे धूळ खात पडलेत, त्यातले काही मेसच्या बायकांना परवडेल अशा भाड्यानं द्या. 31 मे 2025 पासून कच्च्या तेलाचं शुल्क उतरवलंय. डबा किती उतरतो ते बघतेय.

ज्यांची मुलं पुण्यात मेसला जेवतात, त्यांना एक विनंती. दर वाढल्याचं कळलं तर एकदा त्या काकूंना फोन करा आणि शांतपणे विचारा, का वाढवला. त्या सांगतील. हे आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तो अहमदपूरचा मुलगा अजून दुपारचाच येतो. आई त्याच्या पोळ्या मोजत नाही.

आमचा भाडेकरार ऑगस्टअखेर संपतोय. मालक 42,000 म्हणतायत. त्यांचंही चुकत नाही, शेजारच्या गाळ्याला तेवढं मिळतंय. आम्हाला ते झेपणार नाही. नारायण, सदाशिव किंवा शनिवार पेठेत तळमजल्यावर 400 चौरस फुटांपर्यंतची, पाण्याची आणि धूर बाहेर जायची सोय असलेली जागा कुणाच्या माहितीत असेल तर कृपया मेसेज करा. भाडं 30,000 च्या आत. अनामत आम्ही देऊ.