बाळंतिणीला कुणी विचारलं का?

आज नाशिकच्या सिडकोत एका बारशाला गेले होते. फुगे, सजवलेला पाळणा, फोटोग्राफर, सगळं साग्रसंगीत. आणि बाळंतीण? पैठणी नेसून दोन तास खुर्चीत ताटकळलेली, सिझेरियनचे टाके अजून दुखतायत. येणारी प्रत्येक बाई पाकीट देऊन एकच विचारत होती, "दूध पुरतंय ना बाळाला?" मी तिला नुसतं म्हटलं, "जेवलीस का गं?" तर टचकन डोळ्यांत पाणी. मागून आवाज आलाच, "रडू नये, दूध आटतं."

डोकं फिरलंय माझं.

कारण मला माझी धाकटी बहीण आठवली. दिंडोरीकडे आमच्या गावी आली होती बाळंतपणाला. नॉर्मल डिलिव्हरी, बाळ गुटगुटीत. घरी आल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं. आत्या म्हणाली, वारा लागला, कान बांध. काकू म्हणाली, जागरणं आहेत. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली तर अशक्तपणा ठरला आणि अळिवाची खीर वाढली! आशाताई आली होती बाळाचं वजन करायला. बाळाला झोळीत ठेवता ठेवता तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली बसून घोट्यावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. "चला, आत्ताच्या आत्ता उपकेंद्रात." सिस्टरने बीपी घेतलं, 170/110.

बाळंतपण झालं म्हणजे सुटली, असं नसतं हो. बीपी सहा आठवड्यांपर्यंत असं चढू शकतं, झटके येऊ शकतात, नऊ महिने बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही. डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखा होत्या. तिच्यासाठी एक ओळ, "दीड महिन्याने दाखवा." दीड महिना!

शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती, हे चांगलं आहे. मान्य. पण त्याच घरात "पाणी कमी पी, पोट सुटेल" म्हणतात आणि वर पाहुण्यांची रांग लावतात.

आणि ही विश्रांती तरी कुणाला? पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागेत थिनिंगला (मणी विरळायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणाऱ्या बायकांना कसली रजा? 26 आठवड्यांच्या पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा 2017 पासून आहे, पण तो नोकरीवालीला. रोजंदारीवालीला पहिल्या बाळाला सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5000 रुपये, तेही हप्त्याने. महिनाभराचा रोज तरी भरून निघतो का त्यात? रक्त कमी, गोळ्या अर्धवट, आणि पोर पाठीशी बांधून पुन्हा बागेत. याला आपण "काटक असतात त्या" म्हणतो. संताप येतो मला या शब्दाचा.

नवऱ्यांना मात्र सरसकट झोडपणार नाही. सातपूर-अंबडच्या कंपनीत दोन दिवस सुट्टी मागितली तर पगार कापतात, खासगीत बापाला रजेचा कायदाच नाही. माझा मेहुणा त्या रात्री सिव्हिलच्या वॉर्डाबाहेर उभा होता. आत तिला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू. सारखं एकच म्हणत होता, "ती चार दिवस सांगत होती, ताई." सांगत होती. हेच तर.

बहीण वाचली, तिची लेक आता शाळेत जाते. वाचली ती त्या आशाताईमुळे. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत त्या घरी फेऱ्या घालतात, बाळासोबत आईलाही बघतात, आणि त्यांनाच मानधनासाठी रस्त्यावर बसावं लागतं.

बायांनो, ओळखीत बाळंतीण असेल तर झबलं-टोपडं राहू द्या. भाजी-भाकरी घेऊन जा, बाळ घ्या आणि तिला दोन तास झोपू द्या. डोकं ठणकतंय, दिसायला अंधुक येतंय, ताप आहे, अंगावरून फार जातंय, यातलं काहीही असेल तर सासूबाईंची परवानगी न विचारता दवाखान्यात न्या. रडू थांबतच नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर 14416 ला, म्हणजे सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावून द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.

माझ्याकडे बीपीचं मशीन आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, कुणालाही हवं असेल तर इनबॉक्स करा. मी स्वतः येऊन बघून देईन. आजच्या बाळंतिणीकडे उद्या सकाळीच जातेय.