'स्पष्टवक्ता' यांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

मागच्या 'बीपीची गोळी पोटात गेल्यावर काय करते' या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एक कमेंट आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते: "केमिस्टने काउंटरच्या मागे राहावं, डॉक्टरकी करू नये. बीपीची गोळी एकदा सुरू केली की शरीराला सवय लागते आणि माणूस जन्मभराचं गिऱ्हाईक होतो, हे बाईंनी सोयीस्करपणे लपवलंय, दुकान चालायला पाहिजे ना!!! खोकल्याला फक्त एक ओळ. स्टॅटिनने शुगर वाढते त्याबद्दल चकार शब्द नाही. सर्पगंधा होती तेव्हा कुणाला बीपी नव्हतं. माझ्या मावशीने दोन महिन्यांपूर्वी सगळ्या गोळ्या बंद केल्या, ठणठणीत आहे."

आधी वाटलं सोडून द्यावं. पण ते "बाईंनी" आणि त्यापुढची तीन उद्गारचिन्हं काही डोक्यातून जाईनात. अहो, मतभेद असू शकतात, मला लोक रोज काउंटरवर वाद घालतात आणि मला त्याचं काही वाटत नाही, पण समोर उभं राहून वाद घालणाऱ्याला निदान चेहरा असतो, तुम्ही टोपणनाव घेऊन दुसऱ्याच्या पोटापाण्यावर बोलता आणि वर स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवता. मी डी.फार्म आहे, रजिस्टर्ड फार्मसिस्ट आहे, आमचं दुकान कराडला आहे, आता मुलगा बघतो आणि मी संध्याकाळची बसते. हे सगळं ब्लॉगवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे, मी कुठे डॉक्टर म्हणवून घेतलंय? त्या लेखात "अमुक गोळी घ्या" किंवा "तमुक सोडा" असं एक वाक्य काढून दाखवा. गोळी काय करते हे सांगणं म्हणजे डॉक्टरकी असेल तर मग आम्हाला कॉलेजात फार्माकॉलॉजी कशाला शिकवली म्हणते मी.

आणि दुकान चालण्याबद्दल. ॲम्लोडिपिन ही बीपीची 5 मिलिग्रॅमची साधी गोळी सरकारच्या किंमत नियंत्रणात आहे, तिच्यावर बंगला बांधलेला केमिस्ट मला एकदा बघायचाय. दुकानं चालतात ती प्रोटीनच्या डब्यांवर, फेसवॉशवर आणि लोक स्वतःच्या मनाने मागून नेतात त्या ताकदीच्या टॉनिकांवर. त्यावर मात्र कुणी स्पष्ट बोलत नाही.

आता मुख्य वाक्य, "सवय लागते". याच्यावरच मला जास्त लिहायचंय, कारण हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी सांगणारा ते अगदी ठामपणे सांगतो.

सवय म्हणजे काय ते आधी ठरवू. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, तंबाखूची लागते, तिथे तलफ असते, डोस वाढत जातो, मिळाली नाही की माणूस कासावीस होतो. ॲम्लोडिपिनची तलफ आलेला एक पेशंट आणा. ही गोळी करते काय, तर रक्तवाहिनीच्या भिंतीत जो स्नायू असतो त्याला आकसायला कॅल्शियम लागतं, ते आत यायची वाट ती अडवते, स्नायू सैलावतो, नळी रुंद होते, दाब उतरतो. शरीरातून निम्मी बाहेर पडायलाच तिला 30 ते 50 तास लागतात, म्हणून एखादा दिवस चुकली तर फारसं काही कळत नाही, आणि बंद केली तर बीपी हळूहळू, काही दिवसांत, जिथे होतं तिथे परत जातं. जिथे होतं तिथे! वर गेलं ते मूळच्या आजाराने गेलं, गोळीने नाही नेलं. यात सवय कुठे आली? आणि लपवायचंच असतं तर त्याच लेखात मी पाय सुजतात हे लिहिलं असतं का, हिरड्या फुगू शकतात हे लिहिलं असतं का? पायाच्या सुजेवर तर अख्खा परिच्छेद आहे, की रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या उघडतात पण परत नेणाऱ्या शिरा त्या मानाने उघडत नाहीत, मग मधल्या केसाएवढ्या वाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्यापाशी साठतं, संध्याकाळी मोज्याचा वळ उठतो. लोक घाबरून किडनीच्या तपासण्या करतात, नाहीतर वरून लघवीची गोळी घेतात, आणि तिने ही सूज फारशी हलत नाही कारण मुळात अंगात पाणी जास्त झालेलंच नसतं. हे सगळं तुम्ही वाचलंत का? मला शंका आहे.

आता तुमच्या बाजूने जे बोलता आलं असतं आणि तुम्ही बोलला नाहीत तेही मीच सांगते. काही गोळ्या अशा आहेत की त्या झटक्यात सोडल्या तर बीपी किंवा छातीतलं दुखणं पहिल्यापेक्षाही जोरात उसळतं. बीटा ब्लॉकर त्यातल्या. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल काढलं, पुढे 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्याच घराण्यातली. ॲड्रिनलिन या धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकाचा हुकूम हृदयाच्या पेशीपर्यंत पोचू द्यायचा नाही हे यांचं काम, त्याने ठोके कमी होतात, हृदयाची प्राणवायूची गरज कमी होते, छाती भरून येणं थांबतं. पण कित्येक महिने आवाज ऐकूच येत नाही म्हटल्यावर पेशी आणखी कान उगवून ठेवते. मग एक दिवस गोळी बंद झाली की तोच नेहमीचा आवाज त्या सगळ्या कानांत एकदम शिरतो. ठोके धावतात, छातीत दुखतं, कुणाला हार्ट अटॅकही येतो. अमेरिकेत ॲटेनोलॉलच्या माहितीपत्रकावर ही सूचना चौकटीत छापावी लागते. म्हणून डॉक्टर ही गोळी एक-दोन आठवड्यांत उतरवत उतरवत बंद करतात. क्लोनिडिन म्हणून बीपीची आणखी एक गोळी आहे, तिचंही तसंच, बीपी सट्कन वर.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे सासरे ॲटेनोलॉलवर होते, चढ चढताना छातीत भरून यायचं म्हणून. दरवर्षी लोणंदपासून वारीला जायचे. एका वर्षी दिंडीतल्या कुणा शहाण्याने त्यांना हेच सांगितलं, हेच तुमचं वाक्य, की दादा या गोळ्यांची सवय लागते, मोडून टाका, माउली आहे. त्यांनी मोडली. नातेपुत्याच्या मुक्कामाला छाती दाबून खाली बसले, तिथून अकलूजला हलवलं, आणि तिथले डॉक्टर विचारतायत की गोळी कुठली चालू होती तर बरोबरच्या एकालाही सांगता येईना. मी घरात शोधाशोध केली तर स्ट्रिप देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे, अर्धी भरलेली. नाव फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पुढचं सगळं झालं. वाचले ते. पण त्यानंतर कुणी "सवय लागते, सोडून द्या" म्हटलं की माझा आवाज चढतो, आणि तो चढणारच, त्याला तुम्ही उद्धटपणा म्हणा नाहीतर काही म्हणा.

म्हणजे तुमच्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. एकीत बीपी मूळपदावर येतं, दुसरीत उसळी मारतं. सवय दोन्हीकडे नाही, पण दुसरीकडे धोका आहे, आणि तो गोळी एकदम सोडण्यात आहे. तुम्ही हे वाक्य लिहून लोकांना नेमकं तेच करायला लावताय, आणि लपवलं म्हणे मी!

"जन्मभराचं गिऱ्हाईक" हे सरसकट खरं नाही. वजन उतरवलं, मीठ कमी केलं, दारू सोडली तर डोस कमी होतो, काहींची गोळी डॉक्टर बंदही करतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, आपल्याकडे पापड, लोणचं आणि फरसाण मिळून ते जेवणाआधीच होतं. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक खाणाऱ्याचं बीपी त्या वेदनाशामकानेही वर राहू शकतं, ते आधी बघायला हवं. ते बघायचं सोडून लोक थेट बीपीच्या गोळीवर राग काढतात.

खोकल्याला एकच ओळ होती, हे बरोबर. तिथे दोन हव्या होत्या. घ्या आता. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या 'प्रिल'वाल्या गोळ्यांचं मूळ ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे, तो चावला की माणसाचं बीपी कोसळतं, त्याच्या विषाचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल तयार झालं आणि 1981 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. या गोळ्या जे एन्झाइम अडवतात ते दोन कामं करतं, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ बनवतं आणि ब्रॅडिकायनिन नावाचा दुसरा पदार्थ मोडतं. अडवल्यावर पहिला कमी होतो, तेच तर हवं असतं, पण दुसरा साठत जातो आणि घशात, श्वासनळीत खवखव करतो. साधारण दहातल्या एकाला कोरडा ठसका लागतो, कधी काही महिन्यांनीसुद्धा, त्यामुळे गोळीवर कुणाचा संशयच जात नाही. आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या, दर आठवड्याला नवं कफ सिरप. बोलता बोलता कळलं की रॅमिप्रिल चालू आहे, आणि घशासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळतायत. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर खाल्लं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. म्हणजे गोळीने ठसका, ठसक्यासाठी ज्येष्ठमध, ज्येष्ठमधाने बीपी, की परत गोळीचा डोस वाढवा. मी त्यांना सिरप विकलं नाही, डॉक्टरांकडे परत पाठवलं, त्यांनी टेल्मिसार्टन दिली, ती हे एन्झाइम अडवत नाही, पुढच्या पायरीवर काम करते. काही आठवड्यांत ठसका गेला. एक कफ सिरपचं गिऱ्हाईक मी स्वतःच्या हाताने घालवलं, हेही लिहून ठेवा तुमच्या हिशोबात. (याच गोळ्यांनी क्वचित कुणाचे ओठ, जीभ सुजते, तिथे मात्र ब्लॉग वाचत बसू नका, तडक हॉस्पिटल. गरोदरपणात तर या गोळ्या आणि 'सार्टन'वाल्या, दोन्ही चालत नाहीत.)

स्टॅटिन. लेखाचा विषय बीपीच्या गोळ्या होता, स्टॅटिन कोलेस्टेरॉलची आहे. शुगर थोडी वाढू शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 पासून ते लेबलवर घातलंय, गुपित नाहीये. त्यावर कधीतरी लिहीन, नाहीतर नाही लिहिणार, ब्लॉग माझा आहे.

सर्पगंधेचं म्हणाल तर तुम्ही चुकीच्या बाईला डिवचलंत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा बीपीवर चालते हे पेशंटवर तपासून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाने ते उचललं, 1952 साली तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. आपल्याच मातीतलं औषध, मला अभिमानच आहे. पण मग लोकांची नाकं चोंदायला लागली, काही जण नैराश्यात गेले अशा तक्रारी आल्या, आणि त्याहून सोसणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. झाडाचं आहे म्हणून त्याला साइड इफेक्ट नव्हते असं नाही. आणि "तेव्हा कुणाला बीपी नव्हतं" याला काय बोलू, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची सोयच 1896 साली आली. त्याआधी माणसं एका बाजूने लुळी पडायची आणि गावात म्हणायचे वारं गेलं अंगावरून.

राहता राहिल्या तुमच्या मावशी. त्या ठणठणीत आहेत याचा मला खरंच आनंद आहे, टोमणा नाही. पण ठणठणीत हे कुणी ठरवलं, त्यांना बघून की बीपी मोजून? बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही, डोकं दुखेलच असं नाही, चक्कर येईलच असं नाही. त्यांना पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा, अर्धा तास आधी चहा नको, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवा, दोनदा मोजा, आणि आकडा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. बरोबर जुन्या स्ट्रिपा न्या, "बीपीची लाल गोळी" असं सांगू नका, त्यात ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल होती का ते बघा. नंतर इथे येऊन भांडायचं असेल तर या, फक्त स्वतःच्या नावाने या आणि एका वाक्याला एकच उद्गारचिन्ह वापरा.