गॅरंटी किती वर्षांची?

अकरा वर्षांपूर्वी बसवलेला माझा पिनाइल इम्प्लांट, म्हणजे ताठरतेसाठी लिंगात बसवतात ते यंत्र, मागच्या दिवाळीनंतर बंद पडला. हे फेसबुकवर लिहू का, असं घरात विचारलं. बायको म्हणाली, "लिहा की. शुगरचे आकडे टाकता तेव्हा नाही लाज वाटत?" तर लिहितोय.

वय 63, शुगर 22 वर्षांची. पन्नाशीच्या आतच ताठरता येईनाशी झाली. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही मार खातात, म्हणून हा त्रास आपल्याला दहाएक वर्षं आधीच गाठतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्टँडमागच्या भिंतीवर रंगवलेल्या 'निराश होऊ नका'ला फोन लावून चार महिने पुड्या खाल्ल्या. मग यूरॉलॉजिस्ट, सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी, शेवटी इंजेक्शनं. सगळं थकल्यावर ऑपरेशन.

प्रकार दोन. एक नुसता वाकणारा दांडा, मुंबईच्या डॉ. रूपिन शहांनी असा देशी बनवला, आयात मालापेक्षा पुष्कळ स्वस्त. दुसरा फुगणारा, ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉटनी 1973 साली जगापुढे आणलेला. मी हा घेतला. लिंगात दोन नळ्या, पोटात सलाइनची पिशवी, वृषणकोशात बोराएवढा पंप. पंप दाबला की पाणी नळ्यांत, बटण दाबलं की परत पिशवीत. दीडेक महिना हात लावायचा नाही. नंतर शिकायचं. पहिल्या दिवशी मला बटणच सापडेना, बाथरूममध्ये अर्धा तास घाम पुसत उभा होतो.

आता माझं म्हणणं. 'ऑपरेशन यशस्वी' म्हणताना डॉक्टरांच्या मनात यंत्र चालू असतं आणि पेशंटच्या मनात पंचविशीतला स्वतः. नाराजी इथूनच येते. लांबी आठवणीतल्यापेक्षा कमीच वाटते. टोक मऊच राहतं. इच्छा यंत्रातून येत नाही. संवेदना आणि वीर्यपतन जे आधी होतं तेच. आणि हा परतीचा रस्ता नाही. नळ्यांसाठी आतल्या स्पंजसारख्या पेशींनी जागा सोडलेली असते, उद्या इम्प्लांट काढला तर गोळीसुद्धा काम करत नाही. एवढं आधी ऐकून जे जातात ते बहुतेक समाधानी असतात. मीही आहे, बंद पडला तरी.

टिकण्याचं म्हणाल तर दहा वर्षांनी शंभरातले साधारण पंचाहत्तर चालू असतात, वीस वर्षांनी निम्मे. माझा अकराव्या वर्षी गेला म्हणजे फार रडण्यासारखं काही नाही. कुठेतरी बारीक गळती. पाणी साधं सलाइन, शरीर शोषून घेतं. खरी भीती जंतुसंसर्गाची. तो शंभरातल्या एकदोघांना, फार तर तिघांना होतो, पण झाला तर सगळं काढावं लागतं. 2001 पासून प्रतिजैविकाचा लेप लावलेले इम्प्लांट आले आणि प्रमाण घटलं. तरी मधुमेह्यांना धोका जास्त, दुसऱ्या ऑपरेशनला त्याहून जास्त. माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर खाली येईपर्यंत सर्जननी तारीखच दिली नाही. तेव्हा राग आला होता. आज कुणी शुगर न बघता तारीख देत असेल तर तिथून उठा, असं सांगेन.

खर्च लाखांत. मेडिक्लेमने हात वर केले. गुडघा बदलला की पैसे मिळतात, हे मात्र म्हणे चैन!

बंद पडला त्या रात्री मी पंप दाबतोय, दाबतोय, काहीच नाही. ही म्हणाली, "अहो, राहू दे. उद्या फोन करा डॉक्टरांना," आणि पाठ फिरवून झोपली. मी जागाच.

पहिल्या वेळी मी तिला बाहेर बाकावर बसवून एकटाच केबिनमध्ये गेलो होतो. या वेळी ती माझ्याआधी आत शिरली, खुर्ची ओढली आणि मिक्सर घ्यायला आल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, याची गॅरंटी किती वर्षांची?"