कोयते गेले, लेकरं आजीकडं

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, गेवराईकडचे कोयते ऊस तोडायला साखर कारखान्यांवर निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही उसाच्या फडात, म्हणून पाच-सहा महिने लहानगं आजीजवळ. परवा पारावर वाद पेटला तो यावरच.

मास्तर म्हणाले, "आज्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्या. बिस्किट चहात बुडवून देतात, वरणाचं पाणी पाजतात. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चहामुळं जेवणातलं लोहही वाया जातं."

"शिबिराला लेकरू कडेवर घेऊन यायचं का तिनं?" दाजी तापले. "दोन वर्षांचं पोरगं दहा-अकरा किलोचं, हिचे गुडघे गेलेले, डोळ्यात मोतीबिंदू. औषधाच्या झाकणावरची खूण तिला दिसायची कशी? आधी तिचं ऑपरेशन करा."

दाजींचा मुद्दा बिनतोड होता. पण अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "ऑपरेशन होईपर्यंत लेकरू वाढायचं थांबत नाही. तिच्या घरी जा. तिच्याच वाटीत मऊ भात नि घट्ट वरण कालवून दाखवा, चमच्यावरून ओघळता कामा नये. वर चमचाभर तेल. एक ते दोन वर्षांच्या बाळाला 250 मिलीची वाटी धरली तर पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. मधे केळं नाहीतर अंडं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, श्वासनलिकेत अडकतात. कुटून द्या."

"आणि रडलं की हातात मोबाईल, त्याचं काय?"

"मास्तर, तिला चूल पेटवायची असते. वेगळा वेळ मागू नका. भांडी घासताना समोर बसवायचं, 'मोठी वाटी कुठंय?' विचारायचं नि थांबायचं. लेकराला उत्तर सुचायला वेळ लागतो. आपणच बोलून टाकलं की ते गप्प बसतं. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर 'बापही उशिरा बोलला' म्हणत बसू नका, कान तपासून घ्या."

"गावानं काय करायचं?"

"निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड, आधारची झेरॉक्स नि फोन नंबर आजीकडं ठेवायला लावा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. तारीख हंगामात आली नि कार्ड आईच्या पेटीत गेलं, की डोस लांबतो. घर 'स्थलांतरित' लिहिलं तरी लेकराचं नाव रजिस्टरात राहिलंय का बघा, नाहीतर घरपोच आहार अडतो."

"आमच्या आळीतली पाकिटं मी पोचवतो," दाजी म्हणाले.

"पाकिटं द्या, नि तासभर लेकरूही सांभाळा. तेवढी तिला दुपारची झोप मिळू द्या."